राहून गेलेलं ‘अजून’

प्रिय दादा,

रविवारी पाठवलेल्या पत्रात मी एक चूक केली. आधी ती दुरुस्त करते, नाहीतर पुढचं काही लिहिताच येणार नाही. मी लिहिलं होतं की ईस्टरच्या न्याहारीला बाबांनी दरवर्षीसारखं टेबलाभोवती एकेकाकडे बघत "प्रभू उठला आहे!" म्हटलं, आत्याने आणि मी "खरोखर उठला आहे!" असं उत्तर दिलं, आणि वहिनीची पाळी आली तेव्हा ती ताटलीकडे बघत "नाही" म्हणाली. ती नुसतं "नाही" म्हणाली नाही. ती "अजून नाही" म्हणाली. पहिला शब्द तिने तोंडातल्या तोंडात म्हटला, दुसरा सगळ्यांना ऐकू गेला. मी तिच्या शेजारी होते, मला दोन्ही ऐकू आले. पण तुला लिहायला बसले तेव्हा वाटलं, नाकारणाऱ्या माणसाने ‘नाही’ म्हटलं काय आणि ‘अजून नाही’ म्हटलं काय, फरक कसला? म्हणून एक शब्द गाळला. लहानपणी आत्या आपल्याला मैदा पसरलेल्या फळीवर बोटाने लिहायला शिकवायची तेव्हा तिचा एकच नियम होता. पाहिलं-ऐकलं ते एका ओळीत, वाटलं ते दुसऱ्या ओळीत. दोन्हींची मिसळ झाली की फळी पुसायची आणि पुन्हा लिहायचं. शाळेत गेल्यावर बाई म्हणाल्या, ही मुलगी निबंध लिहिते की पोलिसांकडे जबाब देते? तर हे पत्र म्हणजे पुसून पुन्हा लिहिलेली फळी समज. अक्षर वाकडं आलं तर माफ कर. दुकानाच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यावर बसून लिहिते आहे आणि दाराकडे एक डोळा आहे. पानांचे फोटो काढून पाठवीन, उद्या बंदराला लागलात की उघडतील.

त्या एका शब्दामुळे इथे काय झालं ते तुला नीट कळलेलं नसणार. बाबा त्या वेळी अंडं सोलत राहिले, सोलून झालं तरी बोटं चालूच. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर त्यांनी वहिनीला पावाच्या भट्टीजवळ बोलावलं. एरवी ते तिला ‘तू’ म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, येत्या रविवारी चर्चचे पाळकसाहेब आपल्याकडे न्याहारीला येतील. त्यांच्यासमोर तुम्ही ते वाक्य म्हणायचं, आणि तिथेच आपल्या मंडळीच्या सभासदत्वाचं वचन द्यायचं. हीच माझी मंडळी, दुसरी नाही, असं. जमणार नसेल तर मुलगा जहाजावरून येईपर्यंत तुम्ही माहेरी राहिलेलं बरं." ते ‘तुम्ही’ ऐकून मी हातातला ट्रे खाली ठेवला. वहिनी "बरं" म्हणाली. नुसतं "बरं". त्यात राग होता, भीती होती की हसू होतं, ते मला ठरवता आलं नाही, आणि मला ठरवता आलं नाही की मी झोपत नाही हे तुला ठाऊक आहे.

संशय काही रविवारी सुरू झाला नव्हता. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हापासून मी बघत होते. आपल्याकडे प्रत्येक जण काहीतरी सोडतो. बाबा चहातली साखर सोडतात, मी दुकानातलं गोड सोडते, आणि आत्या लोकांची उणीदुणी काढणं सोडते, जे तिला रोज सकाळी नव्याने सोडावं लागतं. वहिनीला विचारलं तू काय सोडलंस, तर म्हणाली, "थोडंसं." पण क्रीम तयार झालं की वाटी माझ्याकडे सरकवायची. "बारके, बघ गं, साखर पुरेशी आहे का." मी म्हणायचे, मी गोड सोडलंय, तूच चाख. तर म्हणायची, "मग आत्यांना बोलाव." पहिल्यांदा मला वाटलं मान देते आहे. मग वाटलं, जी बाई दिवसभर लोणी फेटते आणि बोट कधी तोंडात घालत नाही, तिला त्या क्रीमबद्दल काहीतरी माहीत आहे जे आपल्याला नाही. खरं सांगते दादा, एक आठवडा मी गिऱ्हाइकांची तोंडं बघत होते, कुणाला मळमळतंय का म्हणून. चहा ती बिनदुधाचा घ्यायची. पावाला लोणी लावायची नाही. आत्या म्हणाली, "स्वतः केलेलं स्वतः खात नाही, हे लक्षण बरं नव्हे." मग एकदम उजळून म्हणाली, "अगं, दिवस तर गेले नाहीत ना तिला?" आणि मग तू जहाजावर जाऊन किती महिने झाले ते तिने बोटांवर मोजलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी पटकन विषय बदलला. पण तो विषय माझ्या डोक्यातून काही बदलला नाही.

सगळ्यांत न कळणारी गोष्ट ही, की गेल्या वर्षी असं काहीच नव्हतं. तुमचं लग्न होऊन थोडेच आठवडे झाले होते. गेल्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेत वहिनी सगळ्यांत मोठ्याने गायली. न्याहारीला बाबांनी "प्रभू उठला आहे!" म्हणायच्या आत तीच म्हणाली, आणि अंडं खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, "आमची सून, अशी भक्ती आजकाल कुठे दिसते?" आणि यंदा तीच सून साध्या राखाडी कपड्यांत आली. तिने एक गीत म्हटलं नाही, आणि ताटलीतलं अंडं हळूच कोटाच्या खिशात टाकलं. हे मी पाहिलं. खिसा फुगलेला होता आणि ती जिना चढताना तो हाताने धरून चढली. एका वर्षात एवढा विश्वास कुठे जातो? माणसाचा विश्वास जातो तेव्हा त्याच्या आधी दुसरं काय गेलेलं असतं? मी सारखी तुझाच विचार करत होते.

त्याच दुपारी ती तासाभरासाठी बाहेर गेली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली पाय मोकळे करायला. परत आली ती हातात एक हिरवी डहाळी घेऊन, आणि ती तिने आरशाच्या मागे खोचली. डहाळी हातात घ्यायचा दिवस, झावळ्यांचा रविवार, तो तर आदल्याच आठवड्यात होऊन गेला होता. मग ही कुणी दिली? आत्या म्हणाली, "फूल तरी द्यायचं मेल्याने." म्हणजे तिच्या मनात ‘मेला’ तयार झाला होता. सोमवारी आणखी एक गोष्ट. कचऱ्याच्या डब्यातली कांद्याची सालं नाहीशी होऊ लागली. सालं, दादा! कांदे नाहीत. ती सालं कागदी पिशवीत भरून पलंगाखाली ठेवलेली आत्याने पाहिली. केर काढायला गेले होते म्हणाली, पण केरसुणी इथे माझ्यासमोर भिंतीला टेकलेली होती. "कांद्याची सालं कशाला लागतात माणसाला?" ती कुजबुजली. "करणीला. दुसऱ्या कशाला?" मी म्हटलं, आत्या, तू मंडळीत शिकवतेस आणि करणी मानतेस? तर म्हणाली, "मी मानत नाही गं. पण करणारे मानतात ना."

म्हणून काल, मंगळवारी, वहिनी दुकानातून लवकर निघाली तेव्हा मी तिच्या मागे गेले. हे काही अभिमानाने सांगत नाही. काउंटर आत्यावर सोपवला आणि ॲप्रन काढायलाही थांबले नाही. वहिनी मोठ्या रस्त्याने गेली, औषधाच्या दुकानाशी वळली, मग त्या अरुंद गल्लीत शिरली जिथे शिवणयंत्रं दुरुस्त करणारा बसतो. त्याच्या दुकानाशेजारून एक लाकडी जिना वर जातो. ती मागे न बघता वर गेली. मी खाली उभी राहून शंभर गोष्टी मनात आणल्या. दुरुस्तीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "वरच जायचंय ना? मग जा की. सगळे वरच जातात." सगळे? वरून एका पुरुषाचा आवाज येत होता, मग बऱ्याच लोकांचा, एका सुरात, पण आपल्या कुठल्या गीताची चाल नव्हती ती. मी वर गेले आणि दाराच्या फटीशी उभी राहिले.

आत एक लांबट हॉल होता. खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, सगळे उभे. पुढे टेबलावर प्रभूचं चित्र, त्याच्यापुढे दिवा, आणि प्रत्येकाच्या हातात बारीक मेणबत्ती. वहिनी डोक्याला रुमाल बांधून तिसऱ्या रांगेत उभी होती. तिच्या शेजारी एक गृहस्थ होता, त्याने वाकून तिची मेणबत्ती आपल्या मेणबत्तीवर पेटवून दिली, आणि मी मनात म्हटलं, हाच तो डहाळीवाला. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. एक म्हातारी, माझ्या खांद्याइतकी उंच, पकड मात्र पक्कडीसारखी. "आत ये नाहीतर बाहेर जा," ती म्हणाली, "दारात उभी राहून वारा आणू नकोस, मेणबत्त्या विझतात." मी आत गेले. तिने माझ्याही हातात मेणबत्ती दिली. आपल्या मंडळीत मेणबत्त्या नसतात, ती कशी धरायची तेही मला ठाऊक नव्हतं. ॲप्रनवर मेण सांडलं. प्रार्थना संपल्यावर तिने मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "तुझ्या घरी पण दोन कॅलेंडरं का?"

मी म्हटलं म्हणजे काय, आणि तिने सांगितलं ते तुला तिच्याच शब्दांत सांगते, कारण मला ते अजून स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. "नाताळ आम्ही तुमच्याबरोबरच करतो. ईस्टरचं गणित तेवढं आमचं जुनं आहे. चंद्र तोच, पण हिशेब वेगळा. कधी आमचा ईस्टर तुमच्यानंतर पाच आठवड्यांनी येतो, कधी एका. आणि एखाद्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी. गेल्या वर्षी आले होते. गेलं वर्ष मजेचं होतं, माझ्या जावयाशी एकदाही भांडण झालं नाही. यंदा तुम्ही घाई केलीत. तुमचा तो काल-परवा कबरेतून बाहेर आला, आमचा अजून शहरात शिरतोय. रविवारी आमच्या झावळ्या झाल्या." दाराजवळ एक टोपली होती. तिच्यात उरलेल्या हिरव्या डहाळ्या होत्या, आणि तो गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, मलासुद्धा, एक-एक देत होता. डहाळीवाला तो खरा, पण सगळ्यांचा.

मी तिथे बसून राहिले आणि माझ्या डोक्यातली एकेक गोष्ट जागा बदलत गेली. लोणी, दूध, अंडी, मांस, प्राण्याचं काहीच त्यांना या काळात चालत नाही. अंडं खिशात गेलं कारण तिचा उपवास सुटला नव्हता. कांद्याच्या सालांच्या पाण्यात अंडी उकळली की लाल होतात, ती रविवारी एकमेकांवर आपटून फोडायची. त्या हॉलमध्ये किती ठिकाणची माणसं होती, तुला सांगू? एक नर्स होती, तिच्या गावी शनिवारची रात्रभर उभं राहून गातात आणि कोंबडा आरवला की उपवास सोडतात. एकाच्या गावी शुक्रवारपासून घंटा वाजवत नाहीत, लाकडाच्या फळ्या ठोकत गल्लीतून फिरतात. आणखी एकीच्या गावी शनिवारी सकाळी लोक खिडक्यांतून मातीची मडकी रस्त्यावर फेकतात. "डोकं सांभाळून चर्चला जावं लागतं," ती म्हणाली. सगळे एकाच कबरेबद्दल बोलत होते, पण प्रत्येकाच्या घरी तिचा दगड वेगळ्या आवाजाने सरकत होता. मी म्हटलं आमच्याकडे आम्ही नुसती पहाटे उपासना करतो आणि न्याहारी. म्हातारी दया आल्यासारखी म्हणाली, "असू दे. तेही चांगलं."

पण मी मी आहे. अर्धं मन पटलं, तर अर्धं म्हणालं, एवढी साधी गोष्ट होती तर वर्षभर लपवली कशाला? साधी गोष्ट लपवतं कोण?

वहिनी मला जिन्यात भेटली. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "आत्यांनी पाठवलं?" मी म्हटलं, नाही, मीच आले. "पाठलाग करत?" मी हो म्हटलं. ती हसली. "पाठलाग करायचा तर मैद्याचे बूट बदलायचे असतात. बघ मागे." जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माझे पांढरे ठसे होते, खालपासून वरपर्यंत. मला हसू आलं आणि रडूही. मग आम्ही घराकडे चाललो आणि मी सरळ विचारलं, तू आम्हाला सांगितलं का नाहीस? तिने रुमालाची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "तुझ्या दादाने लग्नाआधी माझ्याकडून शब्द घेतला. या घरात हा विषय मी काढायचा नाही. तो योग्य वेळ बघून काढणार होता." मी म्हटलं, मग रविवारी काय करणार? आणि ती म्हणाली, "रविवारी मी ते वाक्य अगदी मनापासून म्हणेन. आमच्याकडे तो त्याच दिवशी उठतो. मला अडचण त्या वाक्याची नाही गं, त्याच्या पुढच्या वाक्याची आहे. ‘हीच माझी मंडळी, दुसरी नाही.’ म्हणजे माझी आई जिथे मेणबत्ती लावते ते दार मी माझ्या हाताने बंद करायचं. तेही आमच्या ईस्टरच्या सकाळी. आणि नाही केलं तर पेटी भरून निघायचं." कोपऱ्यावर दुकानाची पाटी दिसायला लागली तेव्हा ती थांबली आणि रुमाल सोडून घडी करत म्हणाली, "शब्द मी दिलाय. तू दिलेला नाहीस." लगेच पुढे म्हणाली, "यीस्ट संपत आलंय, उद्या आणायला हवं." तिने मला काही सुचवलं, की नुसतं बोलून गेली? मला वापरते आहे का? हाही संशय आला. येऊ दिला. पण मग वाटलं, एक वर्ष जिने शब्द पाळला, तिने एखादी पळवाट दाखवली तरी ती स्वतःसाठी किती थोडी वापरते आहे.

आता तुझ्याबद्दल. इथपर्यंत मी मुद्दाम टाळत आले. सोमवारी तू दुकानाच्या फोनवर आलास, बाबा मागे पाव काढत होते, आत्या काउंटर पुसत पुसत माझ्याच बाजूला पुसत होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, बाबांनी रविवार ठरवलाय तेही. मला वाटलं तू चिडशील, निदान विचारशील की माझ्या बायकोला झालंय काय, ती असं का म्हणाली. तू काहीच विचारलं नाहीस. तू सुस्कारा सोडलास आणि म्हणालास, "रविवारी ना? मग झालं की. रविवारी ती म्हणेल, बघशील तू. फक्त तोवर कुणी काही बोलू नका." मी वचनाचं काढलं तर म्हणालास, "तोंडाने म्हणायचं गं, त्यात काय एवढं." आणि लाइन गेली. तेव्हा मला वाटलं, बायकोवर केवढा विश्वास आहे याचा! मी भारावून गेले होते. काल रात्री जेवताना घास हातात घेतला आणि तो तसाच राहिला. भर समुद्रात बसून तुला येत्या रविवारचं इतकं पक्कं कसं माहीत होतं? गेल्या रविवारी ती म्हणाली नाही आणि येत्या रविवारी नक्की म्हणेल, हे फक्त त्यालाच ठाऊक असणार ज्याने तिचं कॅलेंडर पाहिलेलं आहे.

मग मागचंही आठवलं. लग्न ठरताना बाबांनी विचारलं होतं, मुलगी कोणत्या मंडळीतली? मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तू म्हणालास, "तिच्याकडचे रोज प्रार्थना करणारे लोक आहेत बाबा. उपवास पाळतात, ईस्टर पाळतात. आपल्यासारखेच." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग येतोय. तू का घाबरलास ते मला कळतं. आजोबांच्या वेळी मंडळी फुटली, ते आणि त्यांचा भाऊ एकाच गल्लीच्या दोन टोकांना दोन चर्चमध्ये जाऊ लागले आणि मरेपर्यंत बोलले नाहीत. बाबा ते बघत मोठे झाले. दुसरी मंडळी म्हटलं की त्यांना दुसरी प्रार्थना दिसत नाही, गल्लीचं दुसरं टोक दिसतं. तू खरं सांगितलं असतंस तर कदाचित त्यांनी लग्नाला नकार दिला असता. पण नकार तुला मिळाला असता, दादा. आता घर सोडायची पाळी तिच्यावर आली आहे. तू लांब आहेस आणि आत्या तिच्या पलंगाखाली वाकून बघते आहे. आणि सगळं गोड होईल असं तुला वाटतं ते खरंही आहे. रविवारी ती हसून ते वाक्य म्हणेल, मग डोळे मिटून वचन देईल, बाबा सुखावतील, पाळकसाहेब दुसरा कप चहा घेतील, आणि तिने काय गमावलं ते टेबलावरच्या कुणालाच कळणार नाही. तुझ्याशिवाय. आणि आता माझ्याशिवाय.

हे पत्र मी तुला बोल लावायला लिहिलेलं नाही, थोडा लावला असला तरी. ते लिहिलं कारण बाबांना सांगण्याचा पहिला हक्क तुझा आहे आणि तो तुला न विचारता घेणं मला बरोबर वाटत नाही. तू फोन कर. बाबा रागावतील, आवाज चढवतील, पण त्यांना आपल्या मुलाकडून कळेल. परवा वहिनीच्या लोकांचा उत्तम शुक्रवार आहे, प्रभूला क्रूसावर दिल्याचा दिवस. आपल्या उत्तम शुक्रवारी आपण दुकानाचं शटर खाली ओढलं होतं, मोठ्याने कुणी बोललं नव्हतं, आणि ती आमच्यासोबत गप्प बसून राहिली होती. तिच्या शुक्रवारी मात्र दुकानात चार मजली लग्नाच्या केकची ऑर्डर आहे, आणि तिने दिवसभर गाणी ऐकत लोणी फेटायचं आहे. तिने सुट्टी मागितलेली नाही, कारण मागितली तर कारण सांगावं लागेल आणि तुला दिलेला शब्द मोडेल. मला ते बघवणार नाही. तुझा फोन आला तर मी एक अक्षर बोलणार नाही, बाबांसाठी चहा करीन आणि बाहेर उभी राहीन. नाही आला, तर ती खाली उतरायच्या आत मी बाबांना आणि आत्याला भट्टीपाशी बसवीन आणि सगळं सांगेन. दादाला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं तर ‘हो’ म्हणेन. बाबा काय ठरवतील ते मला माहीत नाही, आणि त्याची मला भीती वाटते. पण मी सांगणार आहे, परवा, शुक्रवारी सकाळी, भट्टी पेटवायच्या आधी.

तुझीच, पण या वेळी वहिनीच्या बाजूची,
बारकी